उंदीर, नळ आणि विम्याचा कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी धनज येथे केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा मागे, चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा कार्यवाहबाईंनी मला पुढे आणून उभे केले आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले ते तुमच्याच तोंडून सर्वांना ऐकू द्या." मी काही मोठी वक्ती नाही. बचत गटाची वही लिहिते, घर आणि शेत पाहते, एवढीच माझी विद्या. तेव्हा भाषण म्हणून न ऐकता ओसरीवरची गोष्ट म्हणून ऐकावे, ही विनंती. गोष्ट उंदराची आहे. गणरायाचे वाहन म्हणून त्याला हात जोडते आणि मग त्याची तक्रार सांगते.

आपल्या गावात पूर्वी घरात पाणी ते किती असायचे? दोन गुंड, एक माठ, न्हाणीतला एखादा हौद. उंदराने धावता धावता गुंड पाडलाच तर सांडायचे ते गुंडभर. आता तसे राहिले नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले आणि घरोघरी नळ देण्याचे काम खेड्यापाड्यांतून सुरू झाले. ज्यांना जमले त्यांनी गच्चीवर टाकी बसवली, मोटार घेतली, न्हाणीत आणि स्वयंपाकघरात तोट्या आल्या. ही सोय फार मोठी. डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बाईला तिचे मोल वेगळे सांगायला नको. पण सोयीबरोबर एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. हजार लिटर पाणी आपण घराच्या डोक्यावर नेऊन ठेवले आणि ते खाली आणायला भिंतीतून प्लॅस्टिकचा नळ फिरवला. लोखंडी नळाला उंदराचे दात लागत नाहीत, प्लॅस्टिकला लागतात.

उंदीर कुरतडतो तो नुसत्या खोडीने नव्हे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर त्यालाच तोंड मिटता येणार नाही. म्हणून तो लाकूड, तार, नळ, जे सापडेल ते घासतो. शिवाय आपल्याकडचा मे महिना. शेत भेगाळलेले, नाले कोरडे. बाहेर पाण्याचा थेंब नाही आणि घरात भिंतीतल्या नळाजवळ गारवा. घूस काय नि उंदीर काय, तिकडेच येणार.

आता आमच्या घरचे सांगते. जुने घर मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. त्याला लागून कर्ज काढून दोन खोल्या स्लॅबच्या बांधल्या. टाकी स्लॅबवर, आणि तिचा नळ नव्या खोलीतून जुन्या घराच्या माळ्याखालून न्हाणीकडे नेलेला. त्या माळ्याखाली आमचे कोठार. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिथे पेरणीसाठी निवडून ठेवलेल्या सोयाबीनच्या बियाण्याची तीन पोती होती, गाद्या-गोधड्या होत्या आणि सासूबाईंची लोखंडी पेटी होती. सासूबाई त्याच भिंतीला टेकून खाट टाकतात.

त्या दिवशी कारंजाला लग्न होते. सकाळी मोटार लावून टाकी गच्च भरली आणि आम्ही सारे निघालो. सासूबाईंची तब्येत नरम होती, पण नातीने हट्ट धरला म्हणून त्याही आल्या. आज वाटते, त्या पोरीला देवानेच बुद्धी दिली. दिवे लागणीला परत येऊन कुलूप काढले तो उंबऱ्यातून चिखलाचे पाणी बाहेर येत होते. टाकी रिकामी झाली होती. कोठाराची मातीची भिंत खालून विरघळून आत बसली होती आणि तिचा वरचा थर सासूबाईंच्या खाटेवर पडला होता. नव्या खोलीचे प्लॅस्टर फुगले, विजेच्या तारांत पाणी गेले. पोत्यांतले बियाणे भिजून फुगले होते. पेरणी पंधरा-वीस दिवसांवर आलेली आणि बियाणे असे! मी तिथेच मटकन बसले.

कंदील धरून पाहिले तेव्हा माळ्याखाली नळाला बोटभर लांब चीर गेलेली दिसली आणि तिच्या कडेला बारीक बारीक दातांच्या खुणा. उंदराने नळ पोखरून पातळ करून ठेवला होता. भरल्या टाकीचे वजन आले आणि पातळ जागी तो फाटला.

दुसऱ्या दिवशी माणसे जमली. कोणी म्हणाले, तलाठ्याला बोलवा, पंचनामा करा, सरकारची मदत मिळेल. पण भगिनींनो, ती मदत पूर, अतिवृष्टी, वीज, गारपीट अशा नैसर्गिक आपत्तीसाठी असते. घरचा नळ घरात फुटला तर ती आपत्ती आपली एकटीची. तेव्हा आमच्या घरच्यांना आठवले की कर्ज घेताना बँकेने घराचा विमा काढायला लावला होता. कागद कुठे? शोधता शोधता तो पत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडला. घडीही मोडलेली नव्हती.

पीक विमा आपल्याला ठाऊक आहे. २०२३ साली एक रुपयात पीक विमा आला तेव्हा आपण सर्वांनी अर्ज भरले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती एक रुपयाची सोय बंद झाली हेही आपल्याला पाठ आहे. शेताच्या विम्याची एवढी खबर ठेवणाऱ्या आपण, ज्या छपराखाली पोरे निजतात त्याच्या विम्याचे नाव घेत नाही. माझेही तसेच होते.

कागद सापडल्याचे कळताच एक ओळखीचे गृहस्थ हितचिंतकाच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, उंदराचे नाव काढू नका. उंदीर म्हटले की विमा गेला. तो नळाचा तुकडा चुलीत टाका आणि सांगा, नळ आपोआप फुटला." मी खोटे सांगणार नाही, त्या रात्री मला ते पटले होते. बियाणे गेलेले, भिंत पडलेली, चार पैसे येत असतील तर एका उंदराचे नाव न घेतल्याने काय बिघडते? पण सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "ज्या भिंतीखाली मी मेले असते ती भिंत खोटे बोलून बांधू नका." मग मी तो तुकडा कापून स्टीलच्या डब्यात ठेवला. पडलेल्या भिंतीचे, खाटेचे, पोत्यांचे फोटो मुलाने मोबाइलवर काढले. कंपनीला त्याच दिवशी कळवले.

माझी भाची अमरावतीला वकिलीचा अभ्यास करते. तिला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या उंदराचा खटला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच चालून गेला आहे." तिने सांगितले ते मला इतके आवडले की तुम्हालाही सांगते.

ब्रह्मदेशातल्या अक्याब बंदरातून तांदूळ भरून एक जहाज निघाले. त्या बंदराला आता सितवे म्हणतात. वाटेत जहाजावरच्या उंदरांनी शिशाचा एक नळ कुरतडला, त्या भोकातून समुद्राचे पाणी आत शिरले आणि तांदूळ नासला. तांदळाच्या मालकाने भरपाई मागितली. जहाजाच्या मालकाने करार पुढे केला. समुद्रातील धोके व अपघात यांनी माल बिघडला तर आपण जबाबदार नाही, असे त्यात लिहिले होते. प्रश्न पडला, हा समुद्राचा धोका की उंदरांचा उपद्रव? खटला इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहापर्यंत गेला. हॅमिल्टन फ्रेझर विरुद्ध पँडॉर्फ हे त्याचे नाव. १८८७ साली निकाल लागला की जहाजावरच्या माणसांची हयगय नव्हती, तांदूळ नासला तो समुद्राचे पाणी आत आल्याने, म्हणून हा समुद्राचाच अपघात. उंदरांनी तांदूळ खाल्ला असता तर गोष्ट वेगळी होती.

आपल्या देशाच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही उंदरांचा उल्लेख आहे. करारात वेगळे लिहिले नसेल तर उंदीर व उपद्रवी जीव हे ज्या हानीचे निकटचे कारण आहेत ती हानी विमा कंपनी भरून देत नाही, असे कलम ५५ सांगते. सारा भर "निकटचे कारण" या दोन शब्दांवर. हा कायदा जहाजांचा आहे, आपल्या घराला तो लागू नाही. पण विचार करायची रीत तीच. उंदराने गोधडी खाल्ली तर ते उंदराचे काम. उंदराने पोखरलेला नळ एकाएकी फुटून पाण्याने भिंत पाडली, तर भिंत कोणी पाडली याचे उत्तर शोधताना पाण्याकडे पाहावे लागते.

मग मी आमचा कागद भाचीकडून फोनवर ओळ न् ओळ समजून घेतला. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत गृह रक्षा' या नावाची, सर्व कंपन्यांना एकाच मजकुराची, घराची पॉलिसी ठरवून दिली आहे. आमची तीच होती. तिच्यात आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, दरड कोसळणे, दंगल असे धोके एकेक करून लिहिलेले असतात. त्याच यादीत पाण्याच्या टाक्या, साधने आणि नळ फुटणे किंवा ओसंडणे हेही आहे. आमच्या कागदात उंदराचे नाव कुठेच नव्हते. पण तुमच्या कागदात ते असू शकेल. 'सर्व धोके' या धर्तीच्या काही पॉलिसींत झीज, गंज, कसर, कीड, उंदीर यांनी केलेले नुकसान वगळल्याचे लिहिलेले असते. म्हणून शेजारणीचे ऐकून निर्धास्त राहू नये आणि ऐकून घाबरूही नये. ज्याचा त्याचा कागद वाचावा.

आठवड्याने सर्व्हेअर आले. विमा कंपनी नुकसान पाहायला परवानाधारक माणूस पाठवते, त्याला सर्व्हेअर म्हणतात. मी डबा उघडून नळाचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हटले, "साहेब, हे उंदराचे काम आहे." त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मला वाटले तसे काहीच झाले नाही. उंदराबद्दल त्यांनी फारसे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "बाई, नळ एकदम फुटला, की आधीपासून पाणी मुरत होते?"

सारे मर्म या प्रश्नात होते. विमा असतो तो अचानक घडलेल्या अपघातासाठी. महिनोन्‌महिने झिरपणारी ओल ही घरधन्याने राखायची गोष्ट, तिचे पैसे विम्याकडे मागता येत नाहीत. तुकड्यावरची चीर ताजी होती, टाकी एका दिवसात रिकामी झाली होती, फोटो होते. हे सारे 'एकदम फुटला' याची साक्ष देत होते. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, पण इथे उंदराचे दातच आमच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले. तो तुकडा चुलीत गेला असता तर चीर ताजी होती हे मी कशाने दाखवले असते?

तरी सगळे मिळाले असे समजू नका. न्हाणीकडच्या कोपऱ्यात भिंतीला जुनी पांढरी ओल होती. ती मला दोन पावसाळे दिसत होती आणि दरवेळी मी तिच्यावर चुन्याचा हात मारून पुढे जात होते. सर्व्हेअरांनी तेवढा भाग वजा केला. मला राग आला नाही. ती ओल माझीच होती. पडलेली भिंत, नव्या खोलीचे प्लॅस्टर आणि तारा यांचे पैसे आले.

बियाण्याचे मात्र काही मिळाले नाही. गाद्या-गोधड्यांचेही नाही. कारण काय, तर बँकेने काढायला लावलेला विमा फक्त इमारतीचा होता. कर्ज इमारतीवर, म्हणून काळजी इमारतीची. आतल्या सामानाचे कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. या पॉलिसीत इमारत आणि सामान दोन्ही घेता येतात. दोन्ही घेतले तर इमारतीच्या विमा-रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढे घरगुती सामान वेगळी यादी न देता त्यात येते. दागिने आणि मौल्यवान वस्तू यांच्यासाठी वेगळे मागावे लागते. धान्य आणि बियाणे यांचे आधीच लेखी विचारून घ्या, कारण शेतीचा माल घरगुती सामानात धरला जाईलच असे नाही. आम्ही त्या वर्षी बियाणे उधारीने आणले. त्या उधारीचे शेवटचे पैसे दिवाळीनंतर फिटले. एक प्रश्न विचारायचा राहिला, त्याची ती किंमत.

आता घरी गेल्यावर करण्याची चार कामे सांगते.

पहिले, नळाची वाट पाहा. कोठारातून, माळ्याखालून, चाऱ्याच्या खोलीतून गेलेला प्लॅस्टिकचा नळ उघडा ठेवू नका. बारीक लोखंडी जाळी गुंडाळा किंवा तेवढा भाग लोखंडी करून घ्या. नळ भिंतीत शिरतो तिथली फट सिमेंटने बुजवा. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. मादीला तीन आठवड्यांत पिले होतात, तेव्हा 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा आणि पिंजरा लावा. विषाची गोळी पोराबाळांच्या घरात नको.

दुसरे, दिवसभर घर बंद ठेवून जाताना टाकीचा कॉक बंद करा. मी त्या दिवशी कुलूप दोनदा ओढून पाहिले होते, पण कॉककडे पाहिले नव्हते.

तिसरे, भिंतीला ओल दिसली की चुना मारून झाकू नका. कारण शोधा. काळजी घेणे ही विम्याच्या करारातलीच अट आहे.

चौथे, नुकसान झालेच तर आधी वीज आणि पाणी बंद करा, माणसे बाहेर काढा. मग फोटो काढा, फुटलेला तुकडा जपून ठेवा, कंपनीला ताबडतोब कळवा आणि दाव्याचा अर्ज नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांच्या आत द्या. जे घडले तेच लिहा. खोटे उघडकीस आले तर खरा दावासुद्धा हातचा जातो. आणि दावा नाकारला तर रडत बसू नका. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. आपण दर महिन्याला भजन करतो, हळदीकुंकू करतो, बचतीचा हिशेब करतो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचा विम्याचा कागद आणावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी नाही म्हणून सांगावे, त्यात लाज नाही. एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. त्यात इमारत आहे का, सामान आहे का, नळ फुटणे आहे का, आणि काय वगळले आहे, एवढे चार प्रश्न वहीत लिहून घ्यावे. घरचे पुरुष कागद आणतात आणि ठेवून देतात. पण भिंत पडते तेव्हा चिखल आपणच उपसतो, म्हणून तो कागद आपल्यालाही वाचता आला पाहिजे.

आमची भिंत पुन्हा उभी राहिली, यावेळी विटांची. सासूबाई अजून तिलाच टेकून खाट टाकतात. नळाला जाळी लावली आहे, आणि तो कुरतडलेला तुकडा डब्यात तसाच आहे. आज तो मी सोबत आणला आहे. चहा घेताना ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा.

आता मी पुन्हा माझ्या पातेल्यापाशी जाते.